छपरात खोचलेली कामटी

चि. मिहीर आणि चि. सई यांना आजीचे आशीर्वाद.

मिहीर, तुझ्या पत्रातला प्रश्न मी दोनदा वाचला. तुझ्या कामाच्या सगळ्या कंपन्या त्या एकाच महागड्या शहरात दाटीवाटीने का बसल्या आहेत, आणि लांबच्या गावातली एकच कंपनी मोठं घर देते आहे तर तिकडे का जाऊ नये, असं तू विचारतोस. खाली सईने लिहिलं आहे की आजीला यातलं काय कळणार! तुमच्या कामातलं मला काहीच कळत नाही. पण जवळजवळ हाच प्रश्न बरोबर घेऊन मी एकदा वसईकडे गेले होते. त्या प्रवासाला आम्ही दोघं गेलो होतो, त्यातली आता मी एकटीच उरले आहे. डोळ्याचं दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. म्हणून आत्ताच नीट लिहून ठेवते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही रेवदंड्याला राहत होतो. तुमचे आजोबा शाळेत शिकवत. घरची वाडी त्यांचे धाकटे भाऊ विनायक बघत, त्यांना मी विनूभाऊजी म्हणत असे. त्यांनी अलिबागची कारकुनी सोडली होती आणि सुपारीच्या दोन ओळी काढून तिथे राजेळी केळी लावली होती. राजेळी म्हणजे लांब, जाड सालीची केळी. ती उन्हात वाळवली की मधाच्या रंगाची, चिवट, गोड सुकेळी होतात. सुकेळी म्हटलं की मुंबईचा व्यापारी एकाच गावाचं नाव घेई, वसई तालुक्यातलं आगाशी. विनूभाऊजींचं म्हणणं असं की जो समुद्र तिथे आहे तोच इथे आहे, ऊन तेच आहे, मग सुकेळी रेवदंड्याला का होऊ नयेत?

आदल्या वर्षी आम्ही करून पाहिली. मी मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली, प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक करणारी. केळी किती वाजता उन्हात घालायची, किती वाजता काढायची, सगळं मी कागदावर मांडून मांडवाच्या खांबाला चिकटवलं. घड्याळाप्रमाणे सगळं झालं आणि पाचव्या दिवशी सगळी केळी काळी पडून आंबली. आठवडाभर घराला ताडीच्या दुकानासारखा वास येत होता.

सासूबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं, "विनू, आणखी एक हंगाम. जमलं नाही तर राजेळी उपटायची, परत सुपारी लावायची, आणि तू मुंबईला नोकरी धरायची."

विनूभाऊजी मुंबईला जाणार म्हणजे घर मोडणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. घड तयार व्हायला तीन आठवडे उरले होते. मी वहीत यादी केली: फळ, ऊन, वारा, बांबू, गवत, जाणती बाई. पहिल्या पाचांपुढे खूण झाली. सहाव्यासाठी आगाशीला जायचं ठरलं. बाईशी बाईनेच बोलावं म्हणून विनूभाऊजींबरोबर मला पाठवलं.

*आगाशी, पहिला दिवस*

लाँच, आगगाडी आणि विरारपासून टांगा, यांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की टांगेवाल्याने आमच्या पिशवीतल्या ओल्या सुपाऱ्या ओळखल्या आणि दोन मागून घेतल्या. विरार मागे पडल्यावर रस्ता भातखाचरांतून जातो आणि मग एकदम वाड्या सुरू होतात. केळी, पानवेली, नारळ आणि भाजीचे हिरवे वाफे. मधूनच एखादं चर्च, मधूनच देऊळ. आमच्या वाड्यांना दगडी गडगे असतात आणि शेजाऱ्याचं काय चाललं आहे ते दिसत नाही. इथे निवडुंगाची बुटकी कुंपणं होती आणि प्रत्येक कुंपणात माणूस जाईल एवढी फट होती. फट कशाला ठेवतात ते मला तेव्हा कळलं नाही.

आम्ही उतरलो ते नानांकडे. आमच्या एका सुपारीच्या व्यापाऱ्याने ओळख करून दिली होती. नाना वर्णाने गोरे, ठेंगणे, सदा कमरेला कोयता. त्यांच्या पत्नी नानी उंच आणि फार बोलक्या. नानींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि केळफुलाची भाजी, उकड्या तांदळाचा भात आणि ओल्या बोंबलांचं कालवण वाढलं. आमच्याकडे कालवणात कोकम असतं. त्यांनी कैरीची वाळलेली फोड घातली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "कोकमाने रंग येतो, चव हिने येते." मला ते पटलं नाही, पण मी परत वाढून घेतलं.

घरामागे मांडव होता. पुरुषभर उंचीचा, बांबूंचा, वरती काड्यांच्या ताट्या अंथरलेल्या आणि त्यावर सोललेली केळी ओळीने. शेजारी गवताने शाकारलेली खोप होती. तिथे चार बायका बसून पिकलेली केळी सोलत होत्या. मीही बसले आणि सुरी मागितली.

"सुरी नको, बाय," त्यांच्यातली मधली बाई म्हणाली. "लोखंड लागलं का केळं काळं पडतं."

तिच्या हातात बांबूची कामटी होती, बोटभर रुंद, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. एका टोकाला लुगड्याच्या काठाचा लाल दोरा बांधलेला. आम्ही आदल्या वर्षी शंभरावर केळी पोलादी सुरीने सोलली होती. मी विनूभाऊजींकडे पाहिलं. ते छपराकडे बघत बसले.

ही बाई म्हणजे गोमती. सुपारीच्या व्यापाऱ्याने जिचं नाव सांगितलं होतं आणि आम्ही जिला न्यायला आलो होतो ती. वय पस्तिशीचं, अंगाने काटक. नवरा मिठागरात कामाला होता. तिच्या बोटांत काय होतं ते मी संध्याकाळी पाहिलं. ऊन उतरायच्या आधी ती मांडवावर चढली, तीन-चार केळी नुसती दाबली आणि ओरडली, "काढा गं!" बायकांनी भराभर केळी गोळा केली, वाळल्या केळपानांत गुंडाळली आणि वर पेंढा व चटया दाबल्या. रात्रभर आतल्या आत घाम सुटतो, सकाळी पुन्हा ऊन. असं सहा-सात दिवस. काढायची वेळ चुकली तर केळी आंबतात.

"वेळ कशी कळते?" मी वही काढून विचारलं.

"केळं सांगतं."

"पण किती वाजता?"

गोमतीच्या शेजारी मथी नावाची थोराड बाई होती, ती म्हणाली, "बाय, केळ्याला घड्याळ कोन बांधील?" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. वही मात्र मिटली नाही.

*दुसरा दिवस*

सकाळी नानींच्या मांडवावर गोंधळ उडाला. पिकत घातलेल्या केळ्यांची नवी कणगी उघडली होती आणि फळ त्या दिवशीच सोलायला हवं होतं. एवढ्यात निरोप आला की मथीच्या घरी सुनेचे दिवस भरले आहेत आणि मथीबरोबर तिची जाऊही तिकडेच आहे. चारातल्या दोन बायका कमी. रेवदंड्याला असं झालं असतं तर ती कणगी गेलीच असती.

नानी शांतपणे कुंपणाशी गेल्या आणि हाक मारली, "अगो, तुमच्याकडे आज काय?"

पलीकडून उत्तर आलं, "आज केळी उलटवायचंच काम. दोघी मोकळ्या आहेत."

"मग पाठव!"

कुंपणाच्या फटीतून दोन बायका आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. खोपीत शिरल्या, छपराच्या गवतात हात घालून आपापली कामटी ओढून काढली आणि सोलायला बसल्या. एकीच्या कामटीला निळा दोरा होता, दुसरीच्या कामटीला खाच होती. मी वर पाहिलं तर छपरात आणखी सात-आठ कामट्या खोचलेल्या.

"या कोणाच्या?" मी विचारलं.

गोमती म्हणाली, "ज्या ज्या इथं येतात त्यांच्या. ज्या घरी आपन जातो त्या घरी आपली कामटी असते. माजी पाच घरांत हाय."

"आणि कामटी काढून नेली तर?"

"तर त्या घराशी तुटलं."

नानी लगेच म्हणाल्या, "हिने माझ्याकडली एकदा नेली होती हो! दोन हंगाम बोलली नाही माझ्याशी."

"तुमी मला सगळ्यांदेखत आळशी म्हनालात."

"म्हटलं असेन. मग परत कशी आलीस?"

"तुमची केळी आंबली म्हनून आले," गोमती म्हणाली, आणि नानींनी तिच्या पाठीत हळूच चापट मारली.

विनूभाऊजी सकाळपासून बायकांत बसून सोलत होते. त्यांनी नानांना विचारलं, "शेजाऱ्यानेही मांडव घातला, त्याच्या शेजाऱ्यानेही घातला. सगळ्यांचा माल एकाच बाजारात जाणार. तुम्हाला त्रास नाही वाटत?"

नाना कोयत्याने केळीच्या खोडाचा सोप तासत होते. म्हणाले, "बाजारात भांडतो की आम्ही! पण मांडव वाढले तर बरंच. इथे दोनच मांडव राहिले तर या बायका मिठागरात जातील, वीटभट्टीवर जातील. मग माझं केळं कोण दाबून बघणार? मी?" त्यांनी आपला कोयता धरलेला राठ हात पुढे केला. "या हाताला दगड आणि केळं सारखंच लागतं."

दुपारी नानी मला अर्नाळ्याला घेऊन गेल्या, सुके बोंबील घ्यायला. खाडीच्या कडेला ओल्या चिखलात माझी एक चप्पल रुतून बसली, ती दोन कोळिणींनी हसत हसत उपटून दिली. वाळूवर दहा-बारा जणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या, भरतीबरोबर होड्या येण्याची वाट बघत. कुणाच्या होडीची वाट बघता म्हणून मी विचारलं, तर एक म्हणाली, "जी येल तिची." एक होडी रिकामी आली तरी त्यांचा दिवस बुडत नव्हता. मागून दुसरी येतच होती. आमच्या रेवदंड्यालाही असंच चालतं आणि मी ते लहानपणापासून पाहिलेलं. त्या दिवशी मात्र मी ते नीट बघितलं. तरीही माझ्या पिशवीत जो कागद होता, तो बदलावा असं मला सुचलं नाही.

*तिसरा दिवस*

तो कागद मी रेवदंड्याहूनच लिहून आणला होता, सुवाच्य अक्षरात. वर्षभराचं काम. पडवीची स्वतंत्र खोली. नवऱ्याला आमच्याच वाडीत काम. धान्य, दोन लुगडी, सणाचं वेगळं. शेवटची ओळ मी मुद्दाम मानाची म्हणून घातली होती: गोमतीबाईंनी फक्त आमच्याच घरचं काम करावं, इतर कोणाच्या दारी जाण्याची त्यांना गरज पडू नये.

दुपारच्या जेवणानंतर सगळ्या खोपीत बसल्या होत्या. मथीही आली होती, नात झाल्याचा गूळ वाटत. मी कागद वाचून दाखवला. खोलीचं ऐकून एक-दोघींनी माना डोलावल्या. शेवटची ओळ वाचली आणि मथीने गूळ वाटणं थांबवलं.

मग मथी म्हणाली, "एकाच घरची? मंजे दावनीला बांधायची?"

नानी घाईघाईने माझ्या कानाशी आल्या. "अहो, असं बोलू नये. आमच्यात एकाच घरी जाणारी बाई म्हणजे जिला दुसरं कुणी बोलावत नाही ती. हात वाईट किंवा तोंड वाईट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान म्हणून जे लिहिलं होतं ते मी सगळ्यांसमोर तिच्या तोंडावर फेकलं होतं. मी गोमतीची क्षमा मागितली. ती रागावली नव्हती. तिने गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "बाय, तुमच्या गावात मांडव किती?"

"एक. आमचा."

"केळी पिकायची असतील तवा मी काय करू?"

"घरातलं काही हलकं काम."

"ढग आले तर?"

"तेच."

"आन तुमचं मन उडालं तर?"

"आमचं मन कसं उडेल?"

"मानसाचं मन उडतं, बाय. इथं नानींचं उडालं तर मी कुंपनाच्या फटीतून पलीकडं जाते. तिथं कुटं जाऊ? समुद्रात?"

तरी शेवटचं म्हणून म्हटलं, "तू आलीस आणि जमलं की आमचे शेजारीही मांडव घालतील. तेव्हा चार घरं होतील."

"मग त्यांना आदी घालू द्या. पाच मांडव उभे राह्यले का मला बोलवा. मी मथीला पन घेऊन येईन."

"तुझी सून बाळंतीण, तुला कोण सोडतंय," मथीला कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

पण मला आमचे शेजारी आठवले. मी निघायच्या आधी दोघांना विचारलं होतं. दोघंही म्हणाले होते, आधी विनायकाचं जमू दे, मग बघू. ते आमच्यासाठी थांबले होते, आम्ही गोमतीसाठी, आणि गोमती त्यांच्यासाठी. कागदाच्या कोणत्याही ओळीने हे सुटण्यासारखं नव्हतं. मी तो घडी करून पिशवीत ठेवला.

संध्याकाळी गोमती मांडवावर चढली तेव्हा विनूभाऊजीही मागून चढले. तिने एक केळं त्यांच्या हातात दिलं.

"सांगा, भाऊ. काढायचं का?"

त्यांनी दाबलं, थोडा विचार केला. "नाही. अजून थोडं."

गोमतीने स्वतः दाबून पाहिलं. "खरंच थोडं हाय." मग खाली बघून ओरडली, "मथी, भाऊंचा हात बरा हाय गं!"

"लगीन ठरवते का काय त्यांचं?" खालून मथी.

विनूभाऊजी लाजले. अलिबागहून नोकरी सोडून आल्यापासून त्यांना कुणी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, घरातलंही नाही. गोमतीने कोयत्याने बांबूची एक नवी कामटी काढली, खडबडीत कडा घासल्या आणि त्यांना दिली. त्यांनी ती संध्याकाळभर हातात ठेवली होती.

*निघण्याची सकाळ*

टांगा दारात आला. नानींनी सुकेळ्यांची जुडी वाळल्या सोपात बांधून दिली आणि वर बजावलं की लहान मुलांच्या हाती पूर्ण जुडी देऊ नका. गोमती शेजारच्या मांडवावर होती. कुंपणापलीकडूनच तिने हात केला. मी सामान मोजलं. वही, पिशवी, सुकेळी, बोंबील, चिखलाने कडक झालेली चप्पल. विनूभाऊजींची कामटी नव्हती.

"भाऊजी, कामटी राहिली तुमची."

"राहिली नाही, वहिनी," ते म्हणाले. "खोपीत खोचली आहे."

टांग्यात मी वही उघडली. सहाव्या ओळीपुढची जागा रिकामी होती. जी वस्तू रेवदंड्याला आणायची ती आणता येत नव्हती. उरलेल्या पाच तर आगाशीला आधीपासूनच होत्या. मी बेरीज करायच्या आधीच माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने ती केली होती.

त्या वर्षीची केळी आम्ही कच्चीच विकली. राजेळी उपटली गेली. पावसाळा संपला तसे विनूभाऊजी आगाशीला गेले आणि नानांच्या शेजारची वाडी त्यांनी कसायला घेतली. मुंबईची नोकरी टळली, पण घरातला माणूस गेलाच. सासूबाई मला म्हणाल्या, "आणायला गेलीस एक बाई, आणि देऊन आलीस माझा मुलगा." त्या बराच काळ माझ्याशी कामापुरतंच बोलत. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. दर दिवाळीला आगाशीहून सुकेळ्यांची जुडी येई. त्या ती देवापुढे ठेवत, खात नसत. चौथ्या वर्षी खाल्ली. खाऊन म्हणाल्या, "बरी झालीत." नंतर त्यांनी मला जवळ बोलावून केस विंचरायला सांगितले.

पहिल्या हंगामात विनूभाऊजींच्या मांडवावर कामाला कुणी येईल की नाही, ही मला धास्ती होती. त्यांनी पत्रात लिहिलं होतं: "वहिनी, पहिल्या सकाळी गोमतीबाई फटीतून आली. बरोबर तिघी होत्या. माझ्या खोपीत तिने आपली सहावी कामटी खोचली." हे पत्र माझ्याजवळ आहे.

मिहीर, तू कुठे जावंस हे मी सांगणार नाही. फक्त जाण्याआधी एवढं बघ की तिथे कुंपणाला फट आहे का.

आता काय उरलं आहे ते लिहिते. नानांच्या वाडीवर चार मजली इमारत आहे. गोमती, मथी, नाना, नानी, विनूभाऊजी, कुणीही नाही. गोमतीची नात विरारला एका दवाखान्यात नर्स आहे. राजेळीची लागवड फार कमी झाली आहे. पण आगाशीला दोन-तीन घरी अजून मांडव पडतो, त्यातलं एक विनूभाऊजींच्या सुनेचं. बायका थोड्या राहिल्या आहेत, त्या आळीपाळीने सगळ्या घरी जातात. तिच्या वाडीला कुंपणाच्या जागी आता भिंत आहे आणि भिंतीला लहान दार ठेवलेलं आहे. खोपीवर पत्रा आला आहे. पत्र्याखालच्या वाशाला तारेने बांधलेल्या पाच कामट्या मी गेल्या खेपेला मोजल्या.